प्रसादाने शुगर वाढत नाही

डाएटिशियन बाईंनी आखून दिलेला तक्ता तसा सरळ आहे. अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. त्या ‘किंवा’खाली बाईंनी दोन रेघा मारल्यात. पोळ्यांनंतर मागचा भात आला नाही तर आमच्या घरात जेवण झालं असं कुणी मानत नाही, हे त्यांनी माझ्या पोटाकडे बघूनच ताडलं असावं.

तरी तेही जमलं. तक्त्यात बसत नाही ती आमची आत्या. तिच्या मते साखर वाईट, गूळ निर्दोष, आणि प्रसादाने तर शुगर वाढतच नाही. गूळही उसाचाच, रक्तात गेल्यावर दोघांचे गुण सारखेच, हे मी सांगून पाहिलं. ‘‘फार शिकलास,’’ एवढंच उत्तर मिळालं. एकादशीला ती माझ्याच काळजीने जेवण बंद करते आणि खिचडी वाढते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यात बटाटा, वर रताळ्याचा गोड कीस. उपास नसेल त्या दिवशी मी याच्या निम्मंही खात नाही.

शेजारचे काका कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड सुचवतात. त्यांच्या साडूंना गुण आलाय म्हणे. साडू रोज मेटफॉर्मिनही घेतात, हे मागाहून कळतं. तपासणीआधी चार दिवस नुसता दुधी खा, ही युक्तीही काकांचीच. उपाशीपोटीची शुगर तिला फसेलही, एचबीए१सी नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांना चिकटलेल्या साखरेवरून ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडते. दिवाळीनंतर केली तर गणपतीतले मोदकही हजेरी लावतात.

परवा डॉक्टरांनी आत्यासमोरच सांगितलं, की शुगर ७०च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची. तेव्हापासून आत्या माझ्यावर डोळा ठेवून आहे. संकष्टीला चंद्रोदयाच्या सुमारास वाफाळता मोदक घेऊन आली.

‘‘हात थरथरतायत का रे?’’

‘‘नाही. आणि थरथरले तरी मोदक चालत नाही. खोबऱ्याच्या तेलकटपणामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो.’’

तिने मोदकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘बरं. पुढच्या खेपेला खोबरं कमी घालते, गूळ वाढवते.’’