कोल्हा काकडीला राजी

आमच्या दासगावात व्हिडिओ गेम आला तो कुवेतमार्गे. खाडीकाठच्या आमच्या गावांत अप्रुपाच्या वस्तू यायच्या दोनच वाटा. एक मुंबईच्या चाकरमान्याची ट्रंक आणि दुसरी आखातातून आलेलं, नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधलेलं खोकं. शेजारच्या मित्राच्या चाचांनी आणलेल्या खोक्यात टँग होतं, डोक्याला लावायचा बाम होता, चाचीसाठी कापड होतं आणि अगदी तळाशी टॉवेलात गुंडाळलेला एक लाल-पांढरा प्लास्टिकचा डबा होता. सोबत दोन रिमोट. त्याला कंट्रोलर म्हणतात हे कळायला आम्हाला पुढं पंधरा वर्षं लागली.

जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं, त्याची ही नक्कल. हेही ज्ञान नंतरचं. तेव्हा तो नुसता ‘गेम’ होता. ‘गेम लावलाय’ एवढं कानावर पडलं की वाडीतली पोरं चपला वाटेत टाकून ओट्यावर हजर. टीव्हीची अँटेना काढायची, गेमची वायर खोचायची, मग चॅनलचं बटण फिरवत बसायचं. पडद्यावर मुंग्या, मुंग्या, मुंग्या, आणि अचानक मुंग्यांतून चित्र उगवायचं. नाही उगवलं तर कॅसेट काढून तिच्या फटीत फुंकर. फुंकर मारायचा मान वयानं मोठ्या पोराचा.

कॅसेटवर छापलं होतं, ‘९९९९९९ इन १’. प्रत्यक्षात पंधरा-वीसच गेम असतील. एकच माणूस पाच नावांनी मतदान करून येतो, तसा एकटा मारिओ यादीत पाच ठिकाणी बसलेला. आणि ज्याच्यासाठी आम्ही जीव टाकत होतो तो कॉन्ट्रा त्या नऊ लाख नव्व्याण्णव हजारांत कुठंच नाही! महाडच्या बाजारात एका दुकानात तासाच्या हिशोबानं गेम खेळायला मिळायचा, तिथं आम्ही तो पाहिला होता. दोन उघडेबंब पैलवान बंदुका घेऊन जंगलातून धावतात, हवेत कोलांट्या खातात. आमच्या कॅसेटीत त्याच्या जागी निघाला जॅकल. शाळेच्या डिक्शनरीत अर्थ पाहिला तर कोल्हा. कोल्हा काकडीला राजी म्हणतात ते असं समोर आलं. फक्त कोल्हा टीव्हीत होता आणि राजी आम्हाला व्हायचं होतं.

आता मागे वळून पाहिलं की गंमत वाटते. कॉन्ट्रा आणि जॅकल दोघंही कोनामी या एकाच कंपनीची लेकरं. जॅकल नाण्यावर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांवर १९८६ साली आला, कॉन्ट्रा १९८७ साली. घरच्या टीव्हीवर खेळायच्या यंत्रात दोघं अमेरिकेत एकाच वर्षी उतरले, १९८८ साली, कॉन्ट्रा आधी आणि जॅकल मागून. थोरला असूनही धाकट्याच्या मागून वरातीत शिरलेल्या भावाकडे जेवढं लक्ष जाईल तेवढंच त्याच्याकडे गेलं. आजही चाळिशीतला कुणी भेटला आणि लहानपणीच्या गेमचा विषय निघाला की तो डोळे बारीक करून ‘कॉन्ट्रा!’ म्हणतो. जॅकल म्हटलं की थोडा वेळ आठवतो आणि म्हणतो, “तो जीपवाला का?”

कॉन्ट्राकडे मंत्रही होता. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए. की मिळाले तीस जीव. हा मंत्र मुळात कोनामीतल्या काझुहिसा हाशिमोटो या गृहस्थांचा, ग्रॅडियस नावाच्या गेमसाठी १९८६ साली रचलेला. गेम तपासायला बसले आणि तो त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी एक चोरवाट ठेवली आणि ती तशीच राहून गेली. २०२० साली ते वारले तेव्हा त्या चोरवाटेच्या बातम्या जगभर छापून आल्या. स्वतः काढलेला पेपर आपल्याला सुटत नाही असं कबूल करणारा दुसरा परीक्षक मी अजून पाहिलेला नाही. आम्ही जॅकलवरही तीच माळ ओढून पाहिली. कोल्हा बधला नाही.

तर जॅकल. घारीला वरून दिसावी तशी एक जीप. बोटाच्या पेरापेक्षा लहान. एका बटणावर बंदूक, दुसऱ्यावर हातगोळा. हातगोळा जीपचं तोंड असेल तिकडं जायचा, पण बंदूक मात्र जीप कुठंही वळवा, कायम वर, पडद्याच्या वरच्या कडेकडे. आमचं गाव मुंबई–गोवा महामार्गावरचं. आम्हाला यात काहीच चमत्कारिक वाटलं नाही. वर म्हणजे मुंबई. दासगावातून निघालेल्या कुठल्याही होतकरू माणसाचं तोंड तिकडंच असतं, मग तो शेतात नांगर धरून गोव्याच्या दिशेला चालला असला तरी.

एक गोळी लागली की जीप खलास. आडव्या आलेल्या शिपायांना चिरडून पुढं जाता यायचं, त्यावर आम्ही खूश होतो. पण या गेमचं खरं काम मारामारीचं नव्हतंच. वाटेत कौलारू गोठ्यासारखी बसकी घरं लागायची. दारावर हातगोळा टाकला की आतून कैदी बाहेर यायचे, हात हलवत जीपपाशी यायचे आणि चढायचे. मग त्यांना सांभाळत, गोळ्या चुकवत पुढं न्यायचं. तिथं जमिनीवर हेलिकॉप्टरची खूण असायची. जीप उभी केली की माणसं एकेक करून उतरायची, एकेक करून हेलिकॉप्टरकडे धावायची, आणि प्रत्येकाचे गुण वेगळे वाजायचे. टिंग. टिंग. टिंग.

घाईतली पोरं ही माणसं घ्यायचीच नाहीत. सरळ सुसाट जायचं, शेवटचे रणगाडे उडवायचे, गेम पुढं. आणि तिथंच फसायची. कारण कॉन्ट्रात मोठी बंदूक आकाशातून टपकते, जॅकलमध्ये ती माणूस सोडवल्यावर मिळते. एखाद्या घरात एकटाच कैदी असायचा. तो गाडीत आला की हातगोळ्याचा बाण व्हायचा. रिकामी जीप शेवटच्या रणगाड्यांपुढं म्हणजे चतुर्थीच्या गर्दीत एसटीपुढं आलेली सायकल.

हे आम्हाला शिकवलं माझ्या आजीनं. तिला रिमोट कुठून धरायचा हे माहीत नव्हतं. मला घरी न्यायला ती मित्राच्या ओट्यावर यायची, आणि मग चाचीनं पुढं केलेला चहा घेत तिथंच बसायची. बंदुका, रणगाडे तिच्या खिजगणतीत नव्हते. तिचं लक्ष गाडीत बसलेल्यांवर.

“किती माणसं भरलीस?”

“सहा असतील, आजी.”

“आणि तो मागं हात करतोय तो? त्याला कोण न्यायचा?”

“आजी, तिकडं तोफ आहे.”

“असू दे तोफ. पावसापान्याचा त्याला टाकून जायचा नाय.”

मग मी वळायचो, तोफेच्या तोंडी जायचो आणि मरायचो. मित्र कपाळावर हात मारायचा, कारण पुढची पाळी त्याची असली तरी वाया गेलेली जीप दोघांची असायची. एकदा हेलिकॉप्टरपर्यंत पोचण्याआधीच लाईट जाणार अशी चिन्हं दिसू लागली, बल्ब पिवळा पडला. आजी म्हणाली, “वीरला सोड त्यांना. तिथनं गाडी गावंल.” कोकण रेल्वेचं वीर स्टेशन आमच्यापासून जवळ, १९९३ साली रोह्याहून गाडी तिथवर येऊ लागली होती. आजीच्या हिशोबात कुणाही अडलेल्या माणसाचा प्रश्न वीरला सुटायचा. स्टेशनचं नाव वीर, आणि आमचा खेळही वीरांचाच, हे तिच्या गावीही नसेल.

तिचा जीव गाडीभर माणसांत गुंतण्याचं कारण मला नंतर उमगलं. महाड–दासगाव रस्त्यावर सहा आसनी मिनीडोर चालायच्या. सहा आसनी हे नाव. बसायचे दहा, लोंबायचे दोन. महाडच्या बाजारातून सुकी मासळी, रॉकेलचा डबा आणि रडकं मूल घेऊन निघालेली बाई वहूरच्या अलीकडं हात दाखवते आणि मिनीडोरवाला थांबत नाही, हा आजीच्या लेखी गुन्हा. जॅकलची जीप एवढीशी, पण ‘जागा नाही’ असं त्या जीपनं कधी कुणाला म्हटलं नाही. आजीला तो गेम आवडला तो एवढ्यासाठीच. कॉन्ट्रा एकदा कुणाच्या तरी कॅसेटीतून आला, तेव्हा ती पाच मिनिटं बघून उठली. “ह्ये दोघं कुनाला आनायला चाललेत?” याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. ते कुणालाच आणायला चालले नव्हते.

२००५ च्या जुलैअखेरीस मी नोकरीला मुंबईत होतो. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. महाड तालुक्यात त्याच पावसानं डोंगर खाली आणले: जुई, रोहन, कोंडिवते, आणि आमचं दासगाव. फोन लागत नव्हता. रस्ता बंद. लागला तेव्हा आजी बोलली ती एकाच चालीत, धापा टाकत. अमका शाळेत पोचलाय, तमकीला तिच्या भावानं नेलं, मित्राचं घर शाबूत आहे, चाची बरी आहे. एकेक नाव, मध्ये श्वास, पुढचं नाव. मग ती थांबली. पुढची नावं तिनं फोनवर सांगितली नाहीत. ती गावी गेल्यावर कळली. त्या दरडीतून वाचलेली कुटुंबं पुढं कित्येक वर्षं महामार्गालगत पत्र्याच्या शेडींमध्ये राहत होती. एसटीच्या खिडकीतून त्या शेडी दिसायच्या. दासगावच्या खिंडीत शिरेपर्यंत मी बाहेर बघत बसायचो.

आजी आता नाही. मित्र चाचांच्या वाटेनं कुवेतला गेला; आता तो टॉवेलात गुंडाळून मोबाईल आणतो. गेल्या मे महिन्यात भाच्यानं त्याच्या फोनवर मला जॅकल शोधून दिला. काचेवर बोट घासत जीप चालवायची म्हणजे भिंतीला तेल लावल्यासारखं वाटतं, तरी मी खेळलो. भाचा शेजारी बसून बघत होता. पाच मिनिटांनी म्हणाला, “मामा, यात तुम्ही मागे का जाता? पुढे जायचं असतं.” मी म्हटलं, एक राहिलाय. आणि गेलो, आणि मेलो.

पण फोनवर दोघांना खेळता येत नाही. म्हणजे येत असेल, पण एकाच काचेवर दोघांचे अंगठे म्हणजे मिनीडोरच. जॅकलची खरी मजा दोन जीपची. एकानं गोळ्या अंगावर घ्यायच्या, दुसऱ्यानं माणसं भरायची.

तेव्हा एक विनंती. महाड–पोलादपूर भागात कुणाच्या माळ्यावर, कपाटावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात तो लाल-पांढरा डबा असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. कॅसेटीत फुंकर मारू नका. तोंडाच्या ओलाव्यानं आतल्या पिना गंजतात, हे निन्टेंडोवालेच सांगतात आणि आम्ही दहा वर्षं नेमकं तेच केलं. कापसाला थोडं स्पिरिट लावून पुसा. चालला तर कळवा. एक रिमोट अजून माझ्याकडे आहे.