मोगलीचा ताबा

लहानपणी आवडलेली चित्रमालिका प्रौढपणी पुन्हा पाहणे या क्रियेला प्रस्तुत विवेचनात 'पुनर्दर्शन' आणि ती करणाऱ्यास 'पुनर्प्रेक्षक' म्हटले आहे. पुनर्दर्शनाचे स्थूलमानाने दोन प्रकार संभवतात. पहिला स्मरणरंजनाचा, त्यात शीर्षकगीत वाजेपर्यंत डोळे पाणावतात, ते संपताच कोरडे होतात आणि मूळ कथा सुरू असताना पुनर्प्रेक्षक विजेचे बिल भरून टाकतो. दुसरा प्रकार चौकशीचा. त्यात मालिकेला जुनी साक्षीदार मानून पुन्हा पिंजऱ्यात उभे केले जाते आणि त्या काळी घरात जे घडत होते त्याची तिला काही कल्पना होती काय, असे विचारले जाते. ज्यांच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला अशी मुले मोठेपणी बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडतात, कारण ज्या घरातील भांड्यांची यादी करून एकदा वाटणी झालेली असते, त्या घरातील मुलाला कोणतीही वस्तू कोणाच्या बाजूची हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

येथे विचारात घेतलेला पुनर्प्रेक्षक चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरीचा आहे. माजरी हे वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे स्थानिक बोलण्यात 'वेकोलि', या सरकारी कंपनीच्या कोळसा खाणींचे आणि वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरून वणीचा फाटा जेथे सुटतो त्या जंक्शनचे गाव. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' दिसू लागले, तेव्हा देशभरच्या मुलांप्रमाणे येथील मुलेही अँटेना फिरवून तयार होती. ही मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये काढलेली. तिच्या हिंदी अवतारातील गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. मुंबई-पुण्याच्या मुलांना तीत अद्भुतरस सापडला असेल, परंतु ताडोबा ज्या जिल्ह्यात आहे आणि खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर माजलेल्या झुडपांतही वाघ मुक्कामाला येतो, त्या जिल्ह्यातील मुलांना ती स्थानिक बातम्यांची पुरवणी वाटली. वाघ असतो हे त्यांना माहीत होते, तो नाना पाटेकरांसारखा बोलतो एवढीच माहिती नवीन होती. शिवाय रुडयार्ड किपलिंगच्या मूळ कथांत लांडग्यांनी सांभाळलेला मुलगा मोगली ज्या वैनगंगेच्या काठी वाढतो, तीच नदी सिवनीकडून भंडाऱ्यामार्गे खाली उतरून गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते आणि चपराळ्याच्या परिसरात वर्धेला मिळून प्राणहिता होते. त्यामुळे मोगली हा आपल्याच नदीचा, फक्त वरच्या अंगाचा रहिवासी, असे मानण्यास भूगोलाचीही हरकत नव्हती.

त्याच सुमारास पुनर्प्रेक्षकाच्या आईवडिलांची फारकत झाली. हिंदूंना घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने खुला झाला होता, तथापि तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असल्याने माजरीच्या दांपत्यांना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत एकमेकांना सहन करणे भाग होते. परस्पर संमतीने घटस्फोट, म्हणजे एकमेकांवर कोणताही आरोप सिद्ध न करता दोघांनी मिळून केलेला अर्ज, ही सोय तर १९७६ च्या दुरुस्तीने, कलम १३ब म्हणून आली. या कलमाची पहिली अट अशी की पतिपत्नी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावेत. 'जंगल बुक'चे एकूण भाग ५२ असून आठवड्याला एक या हिशेबाने ते बरोबर एका वर्षात संपतात. कायदेमंडळ आणि जपानी चित्रकार यांच्यात काही पत्रव्यवहार झाल्याचा पुरावा नसला, तरी जे वर्ष मोठ्यांना विभक्त राहून काढायचे असते ते लहानांनी कसे काढावे, याची इतकी नेमकी तरतूद अन्य कोठे आढळत नाही.

वेकोलिच्या वसाहतीतील विभक्तीला स्वतःचे काही नियम असतात. क्वार्टर कर्मचाऱ्याच्या नावे मिळते, त्यामुळे घर कोणी सोडायचे हा इतरत्र महिनोन्महिने चालणारा वाद तेथे वाटपाच्या आदेशानेच आधी निकालात निघालेला असतो. कर्मचारी वडील असल्याने क्वार्टर आणि शाळा जवळ असल्याने मुलगा त्यांच्याकडे राहिला; आई वरोऱ्याला माहेरी गेली. दूरदर्शन संच आंदणात आलेला असल्याने तो आईबरोबर गेला आणि अँटेना छपराला पक्का केलेला असल्याने तो वडिलांकडे राहिला. ही वाटणी न्याय्य होती यात शंका नाही, परंतु तिच्यामुळे दोन्ही घरांत चित्र दिसेनासे झाले आणि मुलाला रविवारी सकाळी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसावे लागले. या घटनेचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

घटस्फोटाच्या दृष्टीने पाहू जाता, त्या काळच्या चित्रमालिकांची कौटुंबिक स्थिती एकंदरीत चिंताजनक होती, असे पुनर्दर्शनात आढळते. 'डक टेल्स'मधील तीन पुतण्यांचे आईवडील कोठे आहेत याची चौकशी श्रीमंत काका कधीही करत नाही. 'टेल स्पिन'मध्ये मोगलीला सोडून आलेला बल्लू मालवाहू विमान चालवण्याची नोकरी करतो आणि त्याची मालकीण मुलीला एकटीच वाढवते. १९४० पासून एकाच छपराखाली राहणारे टॉम आणि जेरी यांचे लग्न झाले असते, तर 'क्रूरता' या कारणाखाली, म्हणजे सोबत राहणे अशक्य व्हावे अशा वागणुकीखाली, दोघांचेही अर्ज पहिल्याच भागानंतर मंजूर झाले असते. ते झालेले नसल्यामुळेच त्यांचा संसार टिकला. या पार्श्वभूमीवर 'जंगल बुक' वेगळे उठून दिसते, कारण मूल कोणाचे हा प्रश्न त्यात रीतसर सभेपुढे ठेवला जातो.

किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकात लांडग्यांची ही सभा सभाशिळेवर भरते. ती महिन्यातून एकदा, पौर्णिमेला होते आणि चंद्रच तारीख देत असल्याने कोणत्याही पक्षाला ती पुढे ढकलून घेता येत नाही. मूल आपली शिकार असल्याने आपल्याला मिळावे, असा शेरखानाचा दावा आहे. अपत्याकडे मालमत्ता म्हणून पाहण्याची वृत्ती मनुष्येतर प्राण्यांतही आढळते याचा हा दाखला होय. त्यावर जंगलाचा कायदा सांगतो की पिल्लाच्या प्रवेशाबद्दल वाद उद्भवल्यास कळपातील किमान दोघांनी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे आणि हे दोघे त्याचे आई किंवा बाप असता कामा नयेत. लांडग्यांच्या पिल्लांना शिकवणारा बल्लू बोलतो. काळा बिबट्या बगिरा याला सभेत बोलण्याचा अधिकार नसतो, म्हणून तो नुकताच मारलेला एक बैल किंमत म्हणून देऊ करतो आणि मोगलीचा ताबा, म्हणजे त्याला जवळ ठेवून वाढवण्याचा हक्क, लांडग्यांकडे राहतो.

भारतीय कायदा या बाबतीत बराचसा जंगलाच्या जवळ आलेला आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार ताब्याचा निर्णय करताना अज्ञानाचे, म्हणजे अठरा वर्षांखालील अपत्याचे, हित सर्वांत महत्त्वाचे मानावे लागते; पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे; आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार मूल समजत्या वयाचे असल्यास न्यायालय त्याची पसंतीही विचारात घेऊ शकते. ही शेवटची तरतूद हेतूने उदार असली तरी तिचा नातेवाईकांनी केलेला विस्तार भयंकर आहे, कारण न्यायाधीश जो प्रश्न दालनात बोलावून, जपून विचारतात, तोच प्रश्न आत्या, मावशी, दूधवाला आणि लग्नात शेजारी जेवायला बसलेला अनोळखी गृहस्थ हे सर्वजण मुलाला मोठ्याने विचारतात. बल्लू आणि बगिरा यांची शिकवण्याची पद्धत परस्परविरुद्ध आहे, एक लाडावतो आणि दुसरा धाक घालतो, तरी ५२ भागांत त्यांच्यापैकी एकानेही मोगलीला जास्त कोण आवडते असे विचारलेले पुनर्प्रेक्षकाला आढळले नाही. लहानपणी ही मालिका का आवडली याचे उत्तर शिकारीच्या प्रसंगांत शोधणाऱ्यांनी या अनुपस्थित प्रश्नाकडे लक्ष द्यावे.

चौकशी पुढे नेल्यास असेही दिसते की त्या जंगलात धड घर कोणालाच लाभलेले नव्हते. किपलिंगचा बगिरा उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मला आणि त्याची आई तेथेच मेली. शेरखान जन्मतः एका पायाने अधू असून त्याची आईच त्याला 'लंगडी' म्हणत असे. त्याच्या वडिलांचा उल्लेख नाही, आणि वाघांच्या रीतीप्रमाणे तो असण्याचे कारणही नाही, कारण वाघीण पिल्लांना सुमारे दोन वर्षे एकटीच वाढवते. म्हणजे ज्याला सर्वांनी खलनायक ठरवले तोच या कथेत एकल मातेने वाढवलेला ठळक मुलगा आहे आणि त्याच्या बाजूने बोलायला मात्र दोघे उभे राहिले नाहीत. खुद्द किपलिंगचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या मुलाला आणि त्याच्या बहिणीला १८७१ मध्ये इंग्लंडला नेऊन अनोळखी कुटुंबात ठेवण्यात आले आणि तेथील काही वर्षे त्याने अत्यंत दुःखात काढली. पुढे अमेरिकेतील व्हर्माँटच्या बर्फात बसून त्याने सिवनीचे जंगल लिहिले, त्यात आईबापांखेरीज दोघांनी मुलासाठी बोललेच पाहिजे असा कायदा घातला, ही गोष्ट योगायोगाच्या खात्यात टाकणे कठीण आहे.

पुनर्प्रेक्षकाने मालिकेचे काही भाग आईला वरोऱ्यात आणि निवृत्त वडिलांना भद्रावतीत, अर्थातच वेगवेगळ्या दिवशी, मोबाइलवर दाखवले. आईने लांडगीण आपल्याकडे घेतली आणि शेरखान पतीला दिला. वडिलांनी कळपप्रमुख अकेलाचे पद स्वीकारले आणि शेरखान मेहुण्याला दिला. बल्लूची भूमिका दोघांपैकी कोणीही मागितली नाही, कारण तो जाड आहे. इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे सांगणारा कोल्हा तबाकी पडद्यावर येताच मात्र दोघांनीही, एकमेकांच्या नकळत, लग्न जुळवणाऱ्या त्याच एका नातेवाइकाचे नाव घेतले. घटस्फोटानंतर उभय पक्षांत झालेले हे पहिले एकमत असून ते दोघांनाही अद्याप कळवण्यात आलेले नाही.

मालिका दोघांनाही नवीन होती, ही या प्रयोगातील खरी उपलब्धी. ती पाहिली गेली तेव्हा दोघेही तेथे नव्हते. म्हणून पुनर्प्रेक्षकाने सभाशिळेचा नियम स्वतःच्या खटल्याला लावून, आईबापांखेरीज आपल्या बाजूने बोललेले दोघे कोण, याचा शोध घेतला. पहिले नाव वडिलांबरोबर खाणीत काम करणाऱ्या, छत्तीसगडहून आलेल्या एका सहकाऱ्याचे निघाले. आईवडील एकमेकांसमोर यायला तयार नसल्याने मुलाला गाडीत घालून वरोऱ्याला पोचवण्याचे आणि परत आणण्याचे काम तो आपली साप्ताहिक सुट्टी खर्चून करत असे. खाणीतल्या माणसाची सुट्टी आणि बगिराचा बैल यांचे मोल तुल्य मानण्यास हरकत नसावी. दुसरे नाव काकूंचे. त्यांनी मुलाला वर्षभर टीव्हीसमोर बसवले, पोह्यांवर तर्री घालून दिली आणि घरात काय चालले आहे हे भिंतीपलीकडून सर्व ऐकू येत असूनही एक शब्द विचारला नाही. वसाहतीत अशी माहिती हाती असताना न विचारणे हा त्याग कोणत्या दर्जाचा आहे, हे तेथे राहिलेल्यांनाच समजेल.

यावरून असा निष्कर्ष निघतो की घर मोडल्याने मुलाचे जे बिघडते, ते जोडण्यासाठी घर पुन्हा जुळण्याची वाट पाहण्याची गरज नसते; दोन माणसे, ज्यांना त्या खटल्यात काहीही मिळवायचे नाही, अशी लागतात. ताब्याच्या अर्जात त्यांच्या नावांसाठी एक रकाना ठेवल्यास कायद्याचे नुकसान होणार नाही.

हा निष्कर्ष काकूंना दूरध्वनीवरून कळवण्यात आला. मालिका त्यांनी कधीही पाहिलेली नव्हती, कारण त्या वेळी त्या स्वयंपाकघरात असत. आपण पुनर्प्रेक्षकाच्या आयुष्यातील बल्लू आहोत हे ऐकून त्यांनी हा बल्लू कोण असे विचारले, आणि तो अस्वल आहे असे उत्तर मिळताच फोन ठेवला. संशोधनाचे फलित संबंधित व्यक्तीस कळवताना पात्राचे गुण आधी आणि प्राणिवर्ग शेवटी सांगावा, अशी शिफारस पुढील अभ्यासकांसाठी येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.