आता हे शेवटचं

सोसायटी कोथरूडची असो की डोंबिवलीची, तिथे एक चेअरमन असतो, मेंटेनन्स थकवणारे चार जण असतात आणि ज्यांच्या घरात बारमाही काम चालू असतं असे एक काका असतात. त्यांचा फ्लॅट नंबर विचारावा लागत नाही. लिफ्टमध्ये सांडलेल्या सिमेंटच्या मागावर गेलं की बरोबर दारात पोचता येतं. दारात वाळूची पोती, आत ग्राइंडरचा आवाज, आणि त्या आवाजावर आवाज चढवून काका सांगत असतात, "आता हे शेवटचं. यानंतर घराला हात लावायचा नाही."

काका रिटायर झालेत ते बँकेतून, पण पँटच्या खिशात पासबुक नसतं, मेजरिंग टेप असते. दुसऱ्याच्या घरी सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला गेले तरी नमस्कार करताना त्यांची नजर देवाच्या मागच्या भिंतीला आलेल्या ओलीवर असते. प्रसादाचा द्रोण एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी कपाटाचं दार वाजवतात. "एमडीएफ ना? फुगणार." मग वर बघून, "फॉल्स सीलिंग? आता कुणी करत नाही हो."

'आता कुणी करत नाही' आणि 'आता सगळे हेच करतात' या दोन वाक्यांवर काकांचा सगळा संसार उभा आहे. पहिलं वाक्य स्वतःच्या घरात काल जे केलं त्याला उद्देशून असतं आणि दुसरं उद्या जे करायचंय त्याला. आज केलेल्या कामाचा पश्चात्ताप त्यांना कधीच होत नाही. त्याला निदान आठ-दहा वर्षं मुरावं लागतं.

फरशीचंच घ्या. घर घेतलं तेव्हा हॉलमध्ये मोझेक होतं, बाथरूमला शहाबाद आणि स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा. मोझेक म्हणजे सिमेंटात संगमरवराची खडी घालून, वरून मशीनने घासून काढलेली ती जुनी फरशी. पिवळसर अंगावर काळे, तांबडे ठिपके. चहा सांडला तरी डाग ठिपक्यांत मिसळून जायचा. उन्हाळ्यात दुपारी उघड्या अंगाने त्यावर पडलं की पंख्याची गरज नसे. पण सगळीकडे व्हिट्रिफाइड आल्या तसा काकांना आपला हॉल रेशनच्या दुकानासारखा दिसू लागला. ब्रेकर लावून फरशी उखडली. ती सहजी निघाली नाही. खालच्या मजल्यावर आमच्या फोडणीच्या डब्यातली मोहरी नाचत होती. मग दोन बाय दोनच्या, आयव्हरी रंगाच्या, तोंड दिसेल अशा टाइल्स बसल्या. वास्तुशांत नव्हती, तरी सगळ्या सोसायटीला चप्पल बाहेर काढून त्या बघायला बोलावलं गेलं.

पहिल्याच पावसाळ्यात काकांच्या आई त्यावरून घसरल्या. हाड वाचलं, पण आजी चालतील त्या वाटेवर पायपुसणी अंथरली गेली. मग सोफ्याखाली गालिचा, दिवाणाखाली सतरंजी, बाथरूमच्या दारात रबरी मॅट. आयव्हरी रंग शिल्लक राहिला तो टीव्हीच्या खाली वीतभर.

यंदा त्यांच्या आर्किटेक्ट भाच्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. काका हरखले. "टेरॅझो! काय चीज आहे! व्हेनिसच्या कारागिरांनी संगमरवराचे वाया गेलेले तुकडे वापरून काढलेली विद्या." दुसऱ्या दिवशी नमुन्याचा तुकडा घरी आला. काकूंनी तो चष्मा लावून बघितला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाल्या, "अहो, ही आपलीच की."

काका त्यावरही खचले नाहीत. आता भेटेल त्याला ते ऐकवतात, की मुंबईतली भारत टाइल्स ही कंपनी 1922 सालची, स्वदेशीच्या चळवळीतून उभी राहिलेली, आपल्या फरशीची परंपरा केवढी मोठी, आणि लोकांनी ती उखडून फेकली. 'लोकांनी' हा शब्द ते अगदी कळवळून उच्चारतात.

गॅलरीची कथा याहून करुण आहे. घराला मूळची गॅलरी होती. त्यात एक वेताची खुर्ची, तुळस, कपड्यांच्या दोऱ्या आणि संध्याकाळची हवा असे. "जागा वाया जातेय," असं एका रविवारी काकांच्या लक्षात आलं. मधली भिंत पाडली आणि गॅलरी हॉलमध्ये घेतली. हॉल मोठा झाला, फक्त मधोमध डोक्यावर एक बीम आला. उंच पाहुणा आला की काका अर्धं वाक्य तोडून "बीम, बीम!" ओरडतात. गॅलरीच्या कठड्यावर ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसल्या. स्लायडिंग खिडकी कशीही सरकवा, उघडते अर्धीच, आणि वारा हमखास बंद अर्ध्यात येतो. पावसाळ्यात खालच्या पट्टीची भोकं बुजतात, ती पट्टी पन्हाळीसारखी भरते आणि पाणी सरळ हॉलमध्ये. बाहेरच्या ग्रिलच्या पिंजऱ्यात जुनी सायकल, रिकामा सिलिंडर आणि कबुतरांची तिसरी पिढी राहते. कपडे? ते टीव्हीसमोरच्या घडीच्या स्टँडवर वाळतात. बातम्या सांगणारी बाई आम्ही कित्येकदा काकांच्या बनियनच्या बाहीतून पाहिली आहे.

या वाया न गेलेल्या जागेचा शोक काका दर रविवारी सँपल फ्लॅट बघून घालवतात. घ्यायचा काही नसतो. चहा घ्यायचा, ब्रोशरची पिशवी घ्यायची आणि सेल्सच्या पोरीची परीक्षा घ्यायची. "महारेरा 1 मे 2017 पासून लागू झाला. बरोबर? त्यातल्या कार्पेट एरियात बाल्कनी धरत नाहीत, घरातल्या आतल्या भिंती धरतात. मग तुमच्या आकड्यात बाल्कनी घातलीये की नाही, आधी ते सांगा." पोरगी साहेबांना बोलवायला जाते. तेवढ्या वेळात काका त्या बाल्कनीत उभे राहून डोळे मिटून वारा घेतात.

ओपन किचन हा काकांच्या आयुष्यातला सर्वांत महागडा सिद्धान्त. "स्वयंपाक करणारी बाई घरापासून तुटता कामा नये," असं त्यांनी जाहीर केलं. तत्त्व चांगलं होतं. त्या बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की दिवसातून तासभर घरापासून तुटायला मिळतं तेच बरं आहे. पण भिंत पडली. तेव्हापासून ठेचा परतला की हॉलमध्ये बसलेला पाहुणा खोकतो. बोंबील तळले की सोफ्याला चार दिवस माहीत असतं. म्हणून चिमणी आली. ती लावली की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, आणि ज्या संवादासाठी भिंत पाडली तो खुणांनी होतो. गेल्या वर्षी त्या जागी सरकत्या काचा लागल्या. काचा पारदर्शक असल्याने ओट्यावरचा पसारा दिसायचा, म्हणून त्यांना आता फ्रॉस्टेड कागद चिकटवलाय. म्हणजे भिंत परत आली, पण जरा जास्त पैशांत आणि खिळा ठोकता येणार नाही अशी.

ट्रॉल्यांचंही असंच. कोपऱ्यात एक यांत्रिक फडताळ आहे, दार ओढलं की कढया रांगेने बाहेर येतात, असं कॅटलॉगमध्ये दिसतं. प्रत्यक्षात आत गेलेला झारा अजून निघालेला नाही. पोटमाळा "जुनाट दिसतो" म्हणून काढला. त्यावरचे तांब्याचे हंडे, गाद्या आणि गणपतीचं मखर हायड्रॉलिक पलंगाच्या पोटात गेलं. भाद्रपदात मखर काढायचं तर आधी आजींना उठवून खुर्चीत बसवावं लागतं.

काकूंची मागणी मात्र पहिल्यापासून एकच आहे. मिक्सरसाठी ओट्याच्या उजव्या हाताला एक प्लग. दर वेळी तो ड्रॉइंगमध्ये असतो. दर वेळी तो फ्रीजच्या मागे निघतो.

काकांचा सुतारांशी चालणारा संवाद ऐकण्याजोगा असतो. "अरे भैया, ये फळी थोडी उधर सरकाव, नहीं तो दार पूरा उघडेगा नहीं। और वो बिजागरी करकरती है, उसको तेल घालो।" राजस्थानहून आलेला, वीस वर्षं पुण्यात राहिलेला तो माणूस शांतपणे म्हणतो, "काका, बिजागरी बदलतोच. तुम्ही तेवढं बाजूला व्हा."

बाकीच्या गोष्टी आल्या आणि गेल्या. शोकेसमधला टीव्हीचा कोनाडा रंगीत टीव्हीच्या मापाने बांधला होता. टीव्ही सपाट होऊन रुंद झाला आणि कोनाडा त्याच्या मागे अंधारात राहिला. दोन खोल्यांच्या घरात बाथटब आला आणि पाणीकपातीच्या दिवशी साठवणाची टाकी म्हणून कामी लागला. काचेच्या शॉवरवर बोअरच्या पाण्याचे पांढरे ओघळ आले. फॉल्स सीलिंगच्या खोबणीतल्या दिव्यांमागे पालींनी बिऱ्हाड केलं.

खरं सांगायचं तर काकांनी काही कामं फार चांगली केली आहेत. आजींसाठी कमोडशेजारी भिंतीत धरायला दांडा बसवला. खिडक्यांना बारीक जाळ्या लावल्या. पलंगावरून पंखा-दिवा बंद करता येईल असं बटण दिलं, आणि बाथरूमला असा उतार दिला की पाणी स्वतःहून जाळीकडे जातं. हा शेवटचा पराक्रम आमच्या अख्ख्या इमारतीत कुणाला साधलेला नाही. पण घर दाखवताना काका यातलं काहीच दाखवत नाहीत. ते रिमोटने रंग बदलणारे दिवे दाखवतात, आणि तेव्हा नेमका रिमोट सापडत नाही.

पुढच्या सोमवारपासून टेरॅझो बसतोय आणि हॉलमधली गॅलरी पुन्हा गॅलरी होतेय. नोटीस बोर्डावर काकांचं पत्र लागलंय, "सदर काम शेवटचे असून सभासदांनी सहकार्य करावे." चेअरमननी खाली पेनने वेळ लिहिली आहे, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, दुपारी दोन ते चार बंद. ज्यांना झोपायचं असेल त्यांनी याच वेळेत झोपून घ्यावं. आणि बघायला गेलात तर कृपा करून आपल्या घरातल्या नव्या कुठल्याही वस्तूचा फोटो काकांना दाखवू नका.