मीठ, मोटार आणि मिशिगन

डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे १,२०० फूट खाली, मिठाची खाण आहे. वर मोटारी बनवायच्या आणि हिवाळा आला की खालच्या मिठाने त्या सडवायच्या, असा या गावाचा जोडधंदा. बर्फ पडला रे पडला की तो वितळवायला ट्रक रस्त्यांवर मीठ उधळत निघतात. पुण्याहून आलेल्या आईला खिडकीतून वाटतं, सरकार रस्त्यांची दृष्ट काढतंय. प्रत्यक्षात दृष्ट लागते गाडीला, तीही बुडाखालून.

सगळ्यात आधी जीव जातो ब्रेक पाइपांचा. पेडलवरचा दाब ऑइलमार्फत चाकांपर्यंत नेणारी ही पोलादी नळी जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीची. तिचा पत्रा सुमारे ०.७ मिलिमीटर. करकचून ब्रेक मारला की आत चौरस इंचाला हजार पौंडांहून जास्त दाब. नळी जिथे क्लिपांत अडकवलेली असते, तिथे खारा चिखल ठाण मांडून बसतो आणि पत्रा कुरतडत राहतो.

इथला मराठी माणूस बहुधा मोटार-उद्योगातच चिकटलेला. दिवसभर तो नव्या गाड्यांच्या टिकाऊपणाचे आलेख दाखवतो आणि संध्याकाळी स्वतःच्या पंधरा वर्षं जुन्या गाडीत बसतो. एके दिवशी सिग्नलला पेडल निम्म्याहून खाली जातं आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. तरीही गाडी थांबते, कारण अमेरिकेत १९६८ पासून ब्रेकची यंत्रणा दोन स्वतंत्र भागांत विभागणं सक्तीचं आहे. एक भाग गेला तर दुसरा निभावून नेतो. गॅरेजवाला मग जो आकडा सांगतो, तेवढी तर गाडीचीही किंमत नसते. झालं! अंगातला मेकॅनिकल इंजिनिअर जागा होतो. "एवढीशी तर नळी! शनिवारी उरकून टाकतो."

शनिवारी गाडी स्टँडवर, गृहस्थ गाडीखाली. चाकाजवळच्या नटाला साधा पाना लावला की कोपरे झडून नट गोल गरगरीत. त्याला सहापैकी पाच बाजूंनी धरणारा फ्लेअर पाना लागतो, म्हणजे दुकानात एक फेरी. परत येऊन जोर लावावा, तर नट फिरतो खरा, पण नळीही त्याच्याबरोबर फिरते आणि कडकन तुटते. ती काढताना शेजारची दुखावते. एक नळी बदलायला गाडीखाली शिरलेला माणूस दिवेलागणीला चार बदलत असतो.

सडका तुकडा कापून तिथे दाबून बसवायचा जोड टाकावा, हा मोह सगळ्यांनाच होतो. घरातल्या पाण्याच्या नळाला तो चालेल, ब्रेकला मुळीच नाही. नळीचं तोंड हत्याराने दुमडून दुहेरी फुलवावंच लागतं. ते झकास फुलल्यावर लक्षात येतं, की नळीत नट आधी ओवायचा राहिला.

मग नळ्यांत शिरलेली हवा काढणं. बायको पेडलवर, नवरा चाकाजवळच्या हवा सोडायच्या निपलपाशी.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. सांगेपर्यंत सोडू नकोस!"

"अरे, मघाशीच सोडलं."

निपल उघडं असताना पेडल सुटलं की हवा पुन्हा आत, आणि काम पुन्हा पहिल्यापासून. कुत्रा फिरवणारा अमेरिकन शेजारी क्षणभर थांबतो. भाषा कळत नाही, पण विषय कळतो.

शहाणी माणसं पोलादाऐवजी तांबं-निकेलची नळी आणतात. साधारण नव्वद टक्के तांबं, दहा टक्के निकेल. जहाजांमध्ये समुद्राचं पाणी खेळवणारे पाइप याच कुळातले. हाताने वाकते, मिठाला दाद देत नाही. व्होल्वोने ती १९७० च्या दशकातच बसवायला घेतली होती. बऱ्याच कंपन्यांनी पोलादावर वाचवलेले दोन पैसे गिऱ्हाइकाच्या पाठदुखीतून वसूल होतात.

तक्रार करून फारसं हाती लागत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने जुन्या पिकअप ट्रकांच्या गंजक्या ब्रेक पाइपांची चौकशी काही वर्षं चालवली आणि २०१५ मध्ये बंद केली. निष्कर्ष, आपल्या डॉक्टरांच्या भाषेत, 'वयोमानानुसार'. वर सल्ला, की हिवाळ्यात गाडीचा तळ धूत जा. बाहेर उणे पंधरा!

आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरटीओचं पासिंग तरी असतं. मिशिगनमध्ये खासगी गाडीची ठरावीक काळाने तपासणीच नाही. तेव्हा तिथे जुनी गाडी घ्यायला जाल, तर एंजिनचा आवाज नंतर ऐका. आधी टॉर्च घेऊन खाली आडवे व्हा आणि पेट्रोलच्या टाकीवरून मागच्या चाकांकडे जाणारी नळी बघा. तिने खवले धरले असतील किंवा ओल दिसली, तर विकणारा कितीही देवमाणूस वाटो, चावी परत द्या.