निवांत माणसाची धावपळ

रस्ता, चौक, पूल यांना आपलं नाव मिळणं यात फारसं काही नाही. नगरसेवकाच्या मेव्हण्यालाही ते जमतं. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या वाट्याला मात्र एक परजीवी किडा आला. कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांमध्ये राहून माशांचं रक्त पिणाऱ्या या जीवाचं नाव शास्त्रज्ञांनी २०१२ साली, निव्वळ आदरापोटी, ‘नेथिया मार्लेयी’ असं ठेवलं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या एका कोळ्यालाही तोच मान मिळाला. हा कोळी भरतीला पाण्याखाली राहतो, ओहोटीला बाहेर येतो, आणि मार्लीचं भरती-ओहोटीवर एक गाणं आहे, एवढं नातं पुरलं.

तुमच्याआमच्यासारखे लोक आपला आदर टी-शर्टवर छापतात. गोव्यात हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात तो लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांत टांगलेला असतो. जटा, धूर आणि अर्धवट मिटलेले डोळे. हा शर्ट अंगात घालणं म्हणजे आज आपण काहीही करणार नाही, असं जाहीर करणं. धुराबद्दल आपण फार नाक मुरडू नये. १८४५ पासून ऊसमळ्यांसाठी जमैकात नेलेल्या भारतीय गिरमिटियांनीच गांजा तिथे पोचवला, चिलमीसकट. तक्रार आहे ती त्या मिटल्या डोळ्यांबद्दल. कारण हा माणूस आयुष्यभर नुसता राबला.

६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमैकातल्या नाइन माइल या खेड्यात तो जन्मला. आई अठरा वर्षांची, वडील साठीच्या आसपासचे गोरे गृहस्थ, आणि तेही बहुतेक वेळा घराबाहेरच. मग आईबरोबर किंग्स्टनची ट्रेंचटाउन वस्ती. तिथे पोरगा वेल्डिंगच्या कामाला लागला. एक दिवस धातूचा कण डोळ्यात गेला आणि त्याने ते काम सोडलं. जमैकाने एक वेल्डर गमावला. जो हिग्ज नावाचा गायक वस्तीतल्या पोरांना फुकट गाणं शिकवायचा. रंगमंचाची भीती जावी म्हणून ही पोरं मध्यरात्री दफनभूमीत जाऊन गायची, असं सांगतात. तिथला श्रोता शांत असतो आणि मध्येच उठून जात नाही. १९६४ मध्ये त्यांच्या ‘वेलर्स’ या गटाचं ‘सिमर डाउन’ हे गाणं जमैकात पहिल्या क्रमांकावर गेलं, पण पैसे काही हाती लागले नाहीत.

म्हणून १९६६ च्या फेब्रुवारीत रिटाशी लग्न करून नवरदेव लगेच अमेरिकेला निघाला. डेलावेअरमध्ये आई होती, तिथे मोटारींच्या कारखान्यात रात्रपाळी मिळाली. आणि नेमका त्याच वर्षीच्या एप्रिलात इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी किंग्स्टनच्या विमानतळावर उतरला. रास्ताफारी पंथीयांसाठी हा साक्षात देव. रिटाने त्याला डोळ्यांनी पाहिलं आणि ती भारावून गेली. ज्याने पुढे जगभर त्या देवाचं नाव गाजवलं, तो त्या वेळी कामावर होता. पांडुरंग विटेवरून खाली उतरून गल्लीत यावा आणि आपली ड्युटी लागलेली असावी!

१९७२ साली लंडनच्या आयलंड कंपनीचा मालक ख्रिस ब्लॅकवेल याने या वेलर्सना चार हजार पौंड आगाऊ दिले. पैसे बुडणार, असं त्याला लोकांनी बजावलं होतं. पुढच्याच वर्षी ‘कॅच अ फायर’ हा अल्बम बाहेर आला. मार्ली सरावाच्या बाबतीत कडक मास्तर होता, आणि तालमीतून उसंत मिळाली की फुटबॉल खेळायचा, तोही तितक्याच गांभीर्याने. ३ डिसेंबर १९७६ रोजी बंदूकधारी त्याच्या होप रोडवरच्या घरात घुसले. त्याच्या दंडात गोळी लागली, रिटाच्या डोक्यात लागली, मॅनेजर तर मरता मरता वाचला. दोनच दिवसांनी मार्ली हजारो लोकांसमोर उभा राहून गायला, आणि डोक्याला बँडेज बांधलेली रिटा मागे साथीला होती. १९७८ मध्ये शांततेसाठी त्याने जमैकाचे पंतप्रधान मॅन्ली आणि विरोधी नेते सीगा यांना मंचावर ओढून त्यांचे हात एकमेकांत गुंफले. त्या छायाचित्रात दोघांच्याही चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काही दिसत नाही. दोन वर्षांनी निवडणूक आली आणि तिच्या हिंसाचारात शेकडो माणसं मेली. गाण्याने काय होतं आणि काय होत नाही, हे मार्लीला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

१९७७ मध्येच पायाच्या अंगठ्याला कर्करोग निघाला होता. डॉक्टर अंगठा काढू म्हणाले, त्याने नकार दिला आणि दौरे चालूच ठेवले. १९८० च्या एप्रिलमध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात तो पदरमोड करून गायला. स्टेडियमबाहेरच्या गर्दीवर पोलिसांनी सोडलेला अश्रुधूर थेट मंचावर आला, तरी थोड्या वेळाने तो परतला आणि पुढे गायला. सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना कोसळला, आणि दोनच दिवसांनी पिट्सबर्गला शेवटचा कार्यक्रम केला. ११ मे १९८१ रोजी मायामीत तो गेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

मग हा आळसावलेला मार्ली आला कुठून? माझा संशय १९८४ च्या ‘लेजंड’ या संग्रहावर आहे. त्याची गाणी निवडणाऱ्यांनी प्रेमाची, गोड, सगळ्यांना चालतील अशी निवडली. गुलामी, पोलीस, उपाशी पोटं यांवरची धगधगती गाणी बहुतेक मागे राहिली. त्या संग्रहाच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या. आज त्याच्या नावाची कॉफी मिळते, हेडफोन मिळतात.

पैशाचं म्हणाल तर त्याने मृत्युपत्र केलं नव्हतं. रास्ताफारी माणूस मरणाची तयारी करत नाही. परिणामी अकरा मुलं, पत्नी, वकील आणि हिशेबनीस यांना कोर्टात कित्येक वर्षं पुरेल एवढं काम मिळालं.

एका गाण्याची वाटणी मात्र त्याच्या हयातीतच झाली होती. ट्रेंचटाउनमध्ये व्हिन्सेंट फोर्ड नावाचा माणूस भुकेल्या पोरांना सूप देणारं स्वयंपाकघर चालवायचा. त्या पोरांत मार्लीही होता. १९७४ च्या अल्बममधलं ‘नो वुमन, नो क्राय’, ज्यात मक्याच्या पिठाची लापशीही येते, ते गीतकार म्हणून याच फोर्डच्या नावावर आहे. जुन्या प्रकाशकाच्या करारातून निसटण्यासाठी मार्लीने मित्रांची नावं लावली, असं वकील म्हणतात. उपकार फेडण्यासाठी, असं मित्र म्हणतात. मला दोन्ही पटतं. चतुर माणसाने कृतज्ञ असू नये असा कुठे नियम आहे? फोर्ड २००८ मध्ये वारला, तोवर त्या गाण्याचे पैसे त्याला मिळत राहिले.