विषय : एक ग्रामसेवक आत बसवणेबाबत

प्रति,
समस्त सन्माननीय नेतेमंडळी,
सर्व पक्ष, त्यांचे सर्व गट व यापुढे पडणारे गट,
मुक्काम मुंबई, दिल्ली, सुरत, गुवाहाटी किंवा जिथे असाल तिथे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ येथून सविनय अर्ज करतो की, आपल्या खासगी बैठका जनतेला पाहू द्याव्यात की नाही, यावरून आमच्या पानठेल्यावर दोन तट पडले आहेत. पोरांचं म्हणणं, बैठक सरळ मोबाईलवर लाइव्ह दाखवा. जुनी मंडळी म्हणतात, "काहून बाप्पा? दिसते तेवढंच सहन होत नाही." आम्हाला दोन्ही बाजू पटत नाहीत. म्हणून ही तिसरी मागणी थेट आपल्या चरणी.

आपल्याला 18 फेब्रुवारी 2019 चा दिवस आठवत असेलच. अमित शहा मातोश्रीवर आले. उद्धव ठाकरे आणि ते एका खोलीत बसले, दार लागलं. नंतर पत्रकार परिषदेत पदं आणि जबाबदाऱ्या समसमान वाटून घेण्याची गोष्ट झाली, आणि लोकसभेला भाजप 25 व शिवसेना 23 जागा लढणार हे ठरलं. आकडे सगळ्यांसमोर आले. आत काय बोलणं झालं तेवढं आतच राहिलं. आठ महिन्यांनी विधानसभेचा निकाल लागला, भाजप 105 आणि शिवसेना 56, आणि मग त्या खोलीची आठवण निघाली. एक बाजू म्हणाली, मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं ठरलं होतं. दुसरी म्हणाली, असं काही ठरलंच नव्हतं. शहा म्हणाले की, बंद खोलीतलं बोलणं बाहेर सांगायचे आमच्या पक्षाचे संस्कार नाहीत. संस्कार चांगलेच, आमची ना नाही. पण पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये कणकवलीला शहाच म्हणाले की, आपण बंद खोलीत काही करत नाही, जे करतो ते उघड करतो. इकडे ठाकरे शपथेवर सांगत राहिले. आता एका माणसाची शपथ आणि दुसऱ्याचे संस्कार यांत बाभुळगावच्या माणसानं निवाडा कसा करायचा, सांगा.

त्या एका बैठकीच्या पोटातून काय काय निघालं! राष्ट्रपती राजवट निघाली, पहाटे उठवलेली राजवट आणि सकाळी आठचा शपथविधी निघाला, महाविकास आघाडी निघाली, सुरतेची रात्र निघाली, दोन पक्षांची चार शकलं निघाली, चिन्हं इकडची तिकडं गेली. सहा कोटी पुरवण्या निघाल्या असतील, वर्तमानपत्रांना विचारा. आणि हे सगळं का, तर त्या खोलीत इतिवृत्त लिहायला कोणी नव्हतं.

आमची मागणी एवढीच आहे. कोपऱ्यात एक ग्रामसेवक बसवा. 2024 पासून सरकारनं त्यांचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं आहे, पण हाक मारताना कोणी एवढं म्हणत नाही. हा माणूस फार उपयोगी. सात दिवस आधी नोटीस काढतो. हजेरीपटावर सही नाहीतर अंगठा घेतो. पंधरा टक्के किंवा शंभर मतदार आले नाहीत तर ग्रामसभा तहकूब झाल्याची नोंद करतो. ठराव झाला की प्रोसिडिंग बुकात सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं लिहितो, मग कोणी मागं फिरू शकत नाही. मातोश्रीवर तो असता तर एका ओळीचं काम होतं : "ठराव क्रमांक 1. मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षे वाटून घेणे. सर्वानुमते मंजूर / नामंजूर, नको ते खोडावे." पाच वर्षांचा तमाशा एका खोडलेल्या शब्दावर मिटला असता. चहा-बिस्किटं आम्हीच पाठवली असती.

आपण म्हणाल, खासगी ते खासगीच राहू द्या. पटतं आम्हाला. सोयरिकीची बोलणी कोणी भर चौकात लावत नाही, कारण तिथं मुलीकडचाही खोटं बोलतो आणि मुलाकडचाही. आणि कॅमेरा लागला की माणूस बदलतो, हे आमच्या जिल्ह्याइतकं कोणाला माहीत आहे? 20 मार्च 2014 ला आर्णी तालुक्यातल्या दाभडीत शेतकऱ्यांशी 'चाय पे चर्चा' झाली. चर्चा उघड्यावर, कॅमेरे, पडदे, देशभर प्रक्षेपण. एवढी पारदर्शक बैठक यवतमाळ जिल्ह्यानं आजवर पाहिली नसेल. त्या चर्चेतलं पुढं काय झालं ते दाभडीकरांना विचारावं, आम्ही मध्ये बोलत नाही. सारांश, लाइव्हचा आम्हाला मोह नाही.

तरी लाइव्हची ताकद मान्य करावी लागते. 26 नोव्हेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, उद्या पाच वाजेपर्यंत बहुमत सिद्ध करा, गुप्त मतदान नको, आणि सगळं थेट दाखवा. त्याच दुपारी सकाळी आठच्या शपथविधीवाल्या सरकारनं राजीनामा दिला. ऐंशी तासांचं सरकार, पण कॅमेऱ्याच्या नुसत्या बातमीनं गेलं! पुढे सप्टेंबर 2022 मध्ये न्यायालयानं आपलंच कामकाज थेट दाखवायला सुरुवात केली, तर पहिल्याच दिवशीच्या खटल्यांत एक शिवसेनेचा होता. न्यायाधीशांना 'या, बघा' म्हणायला लाज वाटली नाही.

बरं, आमचं खासगी किती उरलं आहे तेही ऐका. 2017 साली कर्जमाफी आली, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. ऑनलाइन अर्जासाठी नवराबायकोनं दोघांनी केंद्रावर जायचं, आधारवर अंगठा द्यायचा. मग यादीचं चावडीवाचन. कोणावर कर्ज आहे, ते गावासमोर मोठ्यानं वाचायचं! सोसायटीचं देणं बायकोपासून लपवणारे लोक असतात. त्यांचं नाव गावानं ऐकलं. बेंबळा प्रकल्पात ज्यांची वावरं गेली, त्यांच्या जमिनीचे नंबर राजपत्रात आले, वर्तमानपत्रात आले. घरकुलाची यादी भिंतीवर, रोहयोची हजेरी इंटरनेटवर. आम्ही तक्रार केली नाही, सरकारचा पैसा आहे, हिशेब लागतोच. पण देशात जो जितका खाली तो तितका उघडा, आणि जो जितका वर त्याच्या दाराला तितकी जाड कडी, हा नियम कोणत्या सभेत मंजूर झाला? सूचक कोण, अनुमोदक कोण?

ऑगस्ट 2023 मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कात एका उद्योजकाच्या बंगल्यावर काका-पुतण्याची भेट झाली. दोघं वेगवेगळ्या बाजूंना. शरद पवारांचा खुलासा असा की, पुतण्याला भेटण्यात गैर काय? काहीच नाही. आमच्याकडंही काका-पुतणे धुऱ्यावरून भांडतात आणि रात्री एकत्र जेवतात. फक्त आमच्या जेवणानं राज्याचं सरकार हलत नाही. सुरतेहून गुवाहाटीला गेलेल्या आमदारांचं तरी बरं होतं. तिथून सांगोल्याच्या आमदारांचा एक खासगी फोन फुटला, आणि झाडी, डोंगार, हाटील सगळं अख्ख्या महाराष्ट्राला कळलं. फक्त हाटीलाचं बिल कोणी भरलं ते त्या फोनवर नव्हतं. आम्हाला नेमकं तेवढंच हवं होतं.

तेव्हा अर्जाचा मजकूर असा : बोला काय बोलायचं ते, दार लावून बोला. पण कोण आलं, कुठं बसलं, कोणाच्या बंगल्यात, बिल कोणी दिलं आणि ठरलं काय, एवढं एका पानावर लिहा, सह्या करा, आणि ते पान भिंतीवर लावा.

हा अर्ज आम्ही माहिती अधिकारातच करणार होतो. केंद्रीय माहिती आयोगानं 3 जून 2013 ला सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवलं होतं आणि सहा आठवड्यांत माहिती अधिकारी नेमा म्हणून सांगितलं होतं. कोणीच ऐकलं नाही. 2015 साली आयोगानंच हात वर केले, आदेश पाळून घ्यायला आमच्यापाशी साधन नाही म्हणाला. तरी आम्ही दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून कागद तयार ठेवला आहे. पाकिटावर नाव कोणाचं घालायचं तेवढं कळवावं.

आपला नम्र,
एक मतदार, बाभुळगाव