खटशास्त्री

मोटारसायकल न्यूट्रलमधून पहिल्या गिअरमध्ये टाकली की 'खट्' असा आवाज होतो. हा आवाज पेणच्या एसटी स्टँडबाहेर झाला, तर दोनतीन माणसं वळून बघतात. त्यातला एक मान किंचित तिरकी करतो, डोळे मिटतो आणि हातातला चहाचा ग्लास खाली ठेवतो. हा खटशास्त्री. गाडी त्याची नसते, गाडीवाला त्याच्या ओळखीचा नसतो आणि मत त्याला कुणी विचारलेलं नसतं. तरी तो पुढे येतो आणि म्हणतो, "परत टाक बघू."

गाडीवाला परत टाकतो. परत 'खट्'. शास्त्रीबुवा हनुवटी खाजवतात. "इंजिन खोलायला लागणार."

या वाक्याआधी तो एकही प्रश्न विचारत नाही. क्लचचं लिव्हर दाबून बघत नाही. चैन किती लोंबतेय ते वाकून बघत नाही. ऑइल कधी बदललं, हे विचारणं तर त्याला कमीपणाचं वाटतं. ती कामं पोरासोरांची. रोग इंजिनाच्या बाहेर असू शकतो, हे त्याला तत्त्व म्हणूनच मान्य नाही. वायर ताणून बरा होणारा आवाज ओळखला म्हणून कुणी 'अनुभवी माणूस' म्हणत नाही. स्वस्त कारणाला समाजात मान नाही, हे खटशास्त्र्याला पक्कं ठाऊक असतं.

पेणचा खटशास्त्री गणपतीच्या कारखान्यात असतो, निदान त्याचा चुलतभाऊ तरी असतोच. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात वर्षभर मूर्ती घडतात. डोळ्यांच्या आखणीवरून कारागिराचा हात ओळखणारी माणसं इथे आहेत. तीच नजर शास्त्री गिअरबॉक्सला लावतो, तीही झाकण न उघडता.

"साच्यातच फॉल्ट हाय रं. दात साच्यातून काढलं, पन घासलंच नाय. फिनिशिंग नाय."

"मग काय करायचं, भाऊ?"

"समदं उतरवायचं. घासायचं. परत बसवायचं."

"कधी?"

"गणपती झाल्यावर."

गाडीवाला घाबरून रोह्याकडे निघतो. वाटेत वडखळ लागतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्या कामाने या भागातल्या दोन पिढ्यांना अर्धा क्लच दाबून गाडी पुढे सरकवायला शिकवलं. क्लच अर्धा दाबला की प्लेटी एकमेकींवर घासतात, तापतात आणि झिजतात. वायरही ताणून ताणून ढिली होते. पुढे नागोठणं, मग भिसे खिंड. खिंडीच्या चढावर गिअर खाली टाकावा लागतो तेव्हा 'खट्' वाजतं, आणि पेणच्या भाऊंचे शब्द आठवून गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो.

कुंडलिकेकाठी रोह्यात दुसऱ्या शाखेचा खटशास्त्री उभाच असतो. हा धाटावच्या एमआयडीसीत, केमिकल प्लांटमध्ये. याची भाषा वेगळी.

"आवाज कोणत्या शिफ्टला येतो?"

"सकाळी. ऑफिसला निघताना जास्त."

"म्हणजे जनरल शिफ्ट. दुपारी?"

"दुपारी कमी असतो."

"हं. आमच्या रिअ‍ॅक्टरच्या अ‍ॅजिटेटरचा गिअरबॉक्स असाच बोलायला लागला होता. आठ दिवसांत प्लांट बंद. तुला शटडाऊन घ्यावा लागेल, दादा."

वास्तविक उत्तर शास्त्र्याच्या हातात आलं होतं. सकाळी जास्त आणि दुपारी कमी, यातच सगळं आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. सकाळी ऑइल गार आणि दाट असतं. लिव्हर दाबलं तरी प्लेटी चटकन सुटत नाहीत, आणि गिअरबॉक्सचा एक शाफ्ट फिरतच राहतो. दुसरा शाफ्ट चैनीने मागच्या चाकाला जोडलेला. चाक उभं, म्हणून तोही उभा. फिरत्या गिअरचे खुंट उभ्या गिअरच्या खाचेत जाऊन अडकतात तेव्हा 'खट्' वाजतं. गाडी धडधाकट असली तरी थोडं वाजतंच. आयडलिंग चढं असेल किंवा क्लच पुरता सुटत नसेल, तर जास्त वाजतं.

पण एवढं सांगितलं तर संभाषण संपलं. म्हणून रोह्याचा शास्त्री थेट अंदाजपत्रकाकडे वळतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख मूळचे रोह्याकडचे. त्यामुळे आकडे मांडण्याची परंपरा गावाला आहे. क्लच प्लेटी, बेअरिंगं, फोर्क, गॅस्केट, मजुरी, वर "आत अजून काय निघेल ते". बेरीज गाडीच्या किमतीपर्यंत पोचली की शास्त्री सहानुभूतीने खांद्यावर हात ठेवतो. "विकून टाक. पण माझं नाव सांगू नको."

तिसरी शाखा दोन्ही गावांत आढळते. हे काका सत्तरीकडे झुकलेले. त्यांच्याकडे कधीकाळी येझदी होती. किकचा आणि गिअरचा दांडा एकच, हे ते अजूनही समोरच्याला नवीन असल्यासारखं सांगतात. त्यांच्या मते बुलेटचा गिअर उजव्या पायावरून डावीकडे आला, तिथून आवाजांना सुरुवात झाली. उपाय मात्र त्यांच्याकडे नसतो. तेव्हाची गाडी, तेव्हाचं पेट्रोल आणि तेव्हाचे पाय, यातलं आता काहीच मिळत नाही.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री बोलत नाही. क्लचच्या लिव्हरचं टोक बोटाने हलवतो. तिथे साधारण १० ते २० मिलिमीटर प्ले हवा. इथे लिव्हर निम्मं आत आलं तरी क्लचला पत्ता नाही. तो पाना लावून वायर ताणतो. मग डबल स्टँडवर गाडी चढवून मागचं चाक हाताने फिरवतो, ढिली चैन बेताची ओढतो, कारण ढिली चैन गिअर बदलताना हिसका देते आणि बदनामी गिअरबॉक्सची होते. ऑइलचा डबा मागवून त्यावर 'जासो एमए' आहे ना ते बघतो, कारण कारसाठीचं ऑइल घातलं तर ओला क्लच घसरू शकतो. इंजिन खोलायची वेळ येते ती वेगळ्या तक्रारीला: चालू गाडीचा गिअर आपोआप सुटायला लागला तर. नुसत्या 'खट्'ला नाही.

गाडीवाला खुशीत परत येतो. रोह्याचे शास्त्रीबुवा वाट बघतच असतात.

"काय निघालं?"

"काही नाही. वायर ढिली होती. चैन ओढली, ऑइल बदललं."

"बघ! ऑइल कुठे असतं? आतच ना? मी काय सांगितलं होतं?"

गाडीवाला पहिला गिअर टाकतो. जेमतेम 'टक्' होतं. शास्त्री कान देतो, पुन्हा टाकायला सांगतो, पुन्हा कान देतो. त्याचा चेहरा हळूहळू उतरतो.

"हे काही खरं नाही, दादा," तो गंभीरपणे म्हणतो. "आवाज होता तोवर आत काय चाललंय ते कळत तरी होतं. आता कसं कळणार?"